आळोखेपिळोखे

"तू पोपट ड्रायव्हरची मुलगी काय गो?" म्हाताऱ्यानं विचारलं, तेव्हा मृणालीच्या हातातली सुई त्याच्या शिरेला टेकायचीच बाकी होती. ती थांबली. रोह्याच्या त्या लॅबमध्ये सकाळपासून तिच्यासमोरच्या टेबलावर दंडांमागून दंड येऊन पडत होते. जाडे, सुरकुतलेले, बांगड्या वर सारलेले, भीतीनं आखडलेले. चेहऱ्यांकडे बघायची तिला सवय नव्हती. रबरी पट्टा बांधायचा, बोटाच्या टोकानं शीर चाचपायची, "मूठ आवळा" म्हणायचं, "झालं, सोडा" म्हणायचं, की एक माणूस उठून जाई आणि दुसरा येऊन बसे. आता मात्र तिनं मान वर केली. बसक्या गालांचा, डोक्याला मफलर गुंडाळलेला हा माणूस तिच्या ओळखीचा नव्हता. "मी सखा," तो म्हणाला. "सखा कंडक्टर. पेण-रोहा गाडीवर तुझ्या बापाबरोबर किती वर्सं काढली मी." मग तो टेबलावर झुकला आणि एखाद्याची लबाडी पकडावी तसा खूश होऊन सांगू लागला. "तोंडावरनं नाय ओळखलं. तोंड तुझं येगळं हाय. पण आत्ता माझ्या आधीचा माणूस गेला आणि तू उभी राहून ते केलंस ना, उजवा खांदा मागं, मान डावीकडं, डोळे मिटलेले, आणि शेवटाला तोंडानं फुस्स करून हवा सोडलीस, तवाच म्हटलं, ही पोपटची. गाडी डेपोत लावली की केबिनमधनं उतरून तो अगदी हेच करायचा. आमी हसायचो त्याला. रक्त हाय शेवटी, लपतंय कुठं!"

"हो," मृणाली म्हणाली. "मूठ आवळा, आजोबा."

शीर चटकन सापडली. नळीत रक्त चढत गेलं, दाट, काळपट लाल, आणि त्याच्याकडे बघताना तिला आपण आत्ता काय म्हणालो ते ऐकू आलं. हो. इतकं सहज आलं ते तोंडातून, जसं कुणी "पाऊस थांबला का?" विचारावं आणि आपण खिडकीकडे न बघताच हो म्हणावं. पोपटच्या रक्ताचा एक थेंबही तिच्या अंगात नव्हता. तिचे वडील ती बालवाडीत असतानाच काविळीनं गेले. त्यांचे म्हणून तिच्याजवळ होते ते फक्त पुढे आलेले कान आणि एक फोटो, ज्यात ते कुणाच्या तरी लग्नात पंगतीला वाढताना अर्धेच दिसत. पोपट आईचा दुसरा नवरा. ती चौथीत असताना आईनं त्याच्याशी लग्न केलं आणि तिला घेऊन पेणला आली. ती त्याला तेव्हापासून काका म्हणत आली, आणि हा शब्द इतका वापरून झाला होता की त्याच्या मागे काय आहे नि काय नाही हे तपासायची वेळ कधी आली नव्हती. म्हातारा कापसाचा बोळा कोपरात दाबून धरत उठला, "सांग पोपटला, सखा अजून हाय म्हणून," असं म्हणाला आणि गेला. मागून एक बाई आली, तिचा दंड टेबलावर आला. मृणालीनं मुद्दाम मान सरळ ठेवली. खांदा ताठ. आपण असं काही करतो हेच तिला माहीत नव्हतं. दिवसातून किती वेळा करत असू? या खोलीत, बसस्टॉपवर, बँकेच्या रांगेत? आपल्या पाठीवर कुणीतरी कागद चिकटवून दिला आहे आणि सगळं गाव तो वाचतंय, असं तिला वाटत राहिलं.

शनिवार होता. लॅब लवकर बंद झाली आणि तिला पेणची गाडी मिळाली, खिडकीही मिळाली. भात कापून झालेलं होतं. शेतांत खुंट राहिले होते आणि बांधाबांधावर कुणीकुणी वाल पेरून ठेवले होते. सखा कंडक्टरनं जे सांगितलं ते बसमध्ये बसून करून बघावं असं तिच्या मनात आलं, पण शेजारी माणूस होता. तिनं फक्त खांदा किंचित मागे नेला, कुणाला कळणार नाही एवढाच. हाडाला सगळं पाठ होतं. कुठे जरा थांबायचं, कुठे ओढ लागते, कुठे सोडायचं. तिनं काही सांगायच्या आधीच खांदा पुढे गेला होता. हे आलं कुठून, हा प्रश्न नव्हता, ते तिला ठाऊकच होतं. पण माणसाच्या अंगात दुसरं माणूस असं येऊन राहतं, त्याला ना कुणी बोलावलेलं असतं ना कुणी जागा करून दिलेली, आणि आपण मात्र समजत असतो की हे सगळं आपलंच आहे, आपण एकटेच आहोत. गाडी नागोठण्याला थांबली. अंबा नदीच्या पुलावरून जाताना तिनं नेहमीसारखं खाली पाहिलं. पाणी शांत होतं, पावसाळ्यात याच पुलापाशी काकांची गाडी तासन्‌तास अडकून पडायची आणि आई दारात उभी राहायची. पुढे कंपनीची उंच चिमणी, तिच्या टोकाला दिवसाउजेडीही दिसणारी ज्योत. मग गडब, काकांचं गाव. गडबला गाडी थांबली आणि मृणालीनं मान फिरवून घेतली, कारण उद्यापासून काका इथे राहायला यायचे होते.

आईचं वर्षश्राद्ध झालं त्याच आठवड्यात जेवता जेवता ते म्हणाले होते, "निकेश म्हणतोय, गडबला ये. मागची खोली रिकामीच हाय. पुढच्या रविवारी मिनिडोर घेऊन येईल." निकेश त्यांचा पुतण्या, त्याची सहा आसनी मिनिडोर रिक्षा होती. मृणालीच्या हातात भाताचा डाव होता. "बरं," ती म्हणाली आणि त्यांच्या पानात भात वाढला, त्यांनी नको म्हणून हात आडवा धरला होता तरी. त्यानंतर या विषयावर दोघं बोलले नव्हते. रात्री अंथरुणावर ती स्वतःला समजावत राही. बरोबरच आहे त्यांचं. ते या घरात राहिले ते आईसाठी, आई गेली. गडबला त्यांचा भाऊ होता, आता भावाची मुलं आहेत, शेत आहे, त्यांच्या बोलीत बोलणारी माणसं आहेत. इथे काय आहे? सकाळी डबा घेऊन जाणारी आणि संध्याकाळी थकून येणारी, चाळिशी ओलांडलेली एक बाई, जिच्याशी त्यांचं नातं सांगायला एका मेलेल्या माणसाचं नाव मध्ये घ्यावं लागतं. त्यांना थांबा म्हणायचा आपल्याला काय हक्क? आणि मनाच्या आणखी आतल्या कोपऱ्यात हेही होतं, की कदाचित त्यांना सुटायचंच आहे. इतकी वर्षं त्यांनी निभावलं, एक शब्द कमीजास्त न बोलता निभावलं, आता मोकळं व्हायचं असेल तर त्या माणसाच्या पायात आपण घोटाळायचं नाही.

पेणला उतरून ती घराकडे चालू लागली. मूर्तींच्या कारखान्यांवरून जाताना ओल्या मातीचा आणि रंगाचा वास आला. ओट्यांवर रंग न लागलेले गणपती ओळीनं वाळत बसले होते. या वासाबरोबर तिला ते पहिले दिवस नेहमी आठवत. नवं गाव, नवं घर, घरात एक नवा माणूस. तो खाकी कपड्यांत यायचा, मोरीत हातपाय धुवायचा, चहा प्यायचा आणि बाहेरच्या खोलीत चटई पसरायचा. दिवेलागण झालेली असायची. चटईवर बसून तो आधी मान फिरवायचा, अगदी सावकाश, जणू मानेत काचेचं काही आहे. मग खांदे. मग पाय लांब करून पुढे वाकायचा, तळव्यांना हात लावायचा आणि तसाच राहायचा, इतका वेळ की झोपला की काय असं वाटावं. शेवटी उताणा पडून पाय भिंतीवर सरळ वर लावायचा. कसली घाई नसायची. घाम यावा असं काही नसायचं. व्यायाम म्हणावं तर व्यायामही नव्हे, आई आपली आतून म्हणायची, "झाले का आळोखेपिळोखे? भिंतीला टाचांचे डाग पडतात, पुसणार कोण?" छोटी मृणाली स्वयंपाकघराच्या दाराआडून बघायची. पहिल्यांदा भीतीनं, मग उत्सुकतेनं, मग बघितल्याशिवाय चैन पडेना म्हणून. नंतर ती दाराआडच मान फिरवू लागली. आपल्याला कुणी बघत नाही अशी तिची खात्री होती. आणि एका संध्याकाळी ती दाराआडून डोकावली तर चटईशेजारी दुसरी चटई पसरलेली होती, लहान, जेवायला बसायची. कुणी हाक मारली नाही. कुणी काही म्हणालं नाही. ती आईनंच पसरली असणार असं ती आजवर धरून चालली होती. ती जाऊन बसली. त्या रात्री, पेणला आल्यापासून पहिल्यांदा, अंथरुणाला पाठ टेकल्यावर पुढचं काही तिला आठवलं नाही, एकदम सकाळच.

तेव्हापासून ते चालूच राहिलं. परीक्षा असो, आजारपण असो, काकांची गाडी उशिरा येवो, झोपण्यापूर्वी दोन चटया. बोलणं फारसं नसे. "मान आज कडक हाय," एवढंच ते म्हणत, तिच्या मानेबद्दल की स्वतःच्या हे कळत नसे, आणि ती मान फिरवी. लग्न होऊन पनवेलला गेली तेव्हा सासरच्या घरात चटई पसरायला जागा नव्हती आणि पसरली असती तर कुणीतरी हसलं असतं. त्या घरात तिचं अंग हळूहळू लाकडासारखं होत गेलं. चार वर्षांनी ती सगळं मोडून परत आली, संध्याकाळी, एक पेटी घेऊन. आई रडत होती, विचारत होती, शेजारीण डोकावत होती. काकांनी पेटी आत ठेवली, मोरीत हातपाय धुतले, आणि चटया पसरल्या. दोन. ती साडीतच खाली बसली, पाय लांब केले, पुढे वाकली आणि गुडघ्यांवर डोकं ठेवून खूप वेळ रडली. शेजारी ते पुढे वाकून बसले होते, तळव्यांना हात लावून. ती सरळ होईपर्यंत ते सरळ झाले नाहीत. एवढं सगळं तिला आता रस्त्यानं चालताना आठवत होतं, आणि तिला कळत नव्हतं की या माणसाला आपण कधी काही दिलं का. कधी म्हणालो का काही? काय म्हणणार होतो? आळोखेपिळोखे दिल्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानतं का?

ते थांबलं आईच्या आजारपणात. आईला उठता बसता येईना म्हणून डोक्याकडून वर होणारी लोखंडी खाट आणली, ती बाहेरच्या खोलीतच मावत होती. खाटेनं सगळी जमीन व्यापली. आई गेली, पण खाट तशीच राहिली. तिच्यावर आधी घडी केलेली चादर होती, मग वाळलेले कपडे आले, मग वर्तमानपत्रं. ती हलवूया असं दोघांपैकी कुणीही म्हणालं नाही. काका आतल्या खोलीत झोपू लागले, दार लोटून घेऊ लागले. संध्याकाळी ती आपल्या खोलीत आणि ते त्यांच्या, मध्ये ती खाट. मृणालीला आता दार उघडताना जाणवलं की वर्षभर आपण घरात शिरताना अंग चोरून शिरतो आहोत, खाटेचा कोपरा लागू नये म्हणून.

काका खाटेच्या कडेवर बसले होते. पायाशी कपड्यांची पिशवी, तिच्यावर घडी केलेली घोंगडी. एवढंच सामान. "आलीस?" ते म्हणाले. "चहा ठेवलाय, गरम कर." तिनं पर्स खुंटीला लावली, पण स्वयंपाकघरात गेली नाही.

"काका, लॅबमध्ये सखा कंडक्टर आले होते आज."

"सखा?" त्यांचा चेहरा उजळला. "जिवंत हाय तो? मी समजत होतो गेला."

"'सखा अजून हाय' म्हणून तुम्हाला सांगायला सांगितलंय त्यांनी. साखर तपासायला आले होते." ती जरा थांबली. "त्यांनी मला ओळखलं."

"तुला? तुला कसं ओळखंल तो? कधी बघितलंय त्यानं तुला?"

"मी उभी राहून खांदा मागं घेतला, मान अशी केली, त्यावरून. म्हणाले, ही पोपटची. रक्त लपत नाही म्हणाले."

 काका आपल्या हातांकडे बघत राहिले, जणू ते हात आत्ताच कुणी त्यांच्या मांडीवर आणून ठेवले होते. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मग ते म्हणाले, "तू काय सांगितलंस?"

"हो म्हटलं."

 थांबा, जाऊ नका, हे शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथेच बसले. आयुष्यभर आपण या माणसाकडे काही मागितलेलं नाही, मग आता मागायची पद्धतच ठाऊक नाही असं तिला झालं. तिनं चादर उचलली, वर्तमानपत्रं उचलली, कपडे उचलले आणि सगळं आत नेऊन टाकलं. "उठा जरा," ती म्हणाली. "ही खाट हलवायची आहे."

"मी गेल्यावर हलव सावकाश. निकेशला सांगतो, तो—"

"आत्ताच. मला एकटीला नाही हलणार ही."

त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि उठले. ती पायाकडून, ते डोक्याकडून. खाट जमिनीवर किंचाळत सरकली. दारातून ती आडवी करून काढताना त्यांना दम लागला, तरी त्यांनी तिला थांबू दिलं नाही, आणि शेवटी खाट मागच्या पडवीत जाऊन भिंतीला टेकली. परत आले तर खोली मोठी झालेली होती. जमिनीवर धुळीचा एक मोठा चौकोन, त्यात आईची एक केसाची पिन आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. भिंतीवर, खाटेच्या मागे दडलेले, टाचांचे डाग. मळकट, एकावर एक, कितीतरी वर्षांचे. मृणालीनं केर काढला. पिन उचलून आपल्याच केसात खोचली. काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते, पुढं काय करायचं हे कुणी सांगेल याची वाट बघत असल्यासारखे. तिनं माळ्यावरून चटया काढल्या, झटकल्या आणि पसरल्या.

बसायला त्यांना वेळ लागला. एक हात भिंतीला, मग गुडघा, मग दुसरा. मृणालीनं बघितलं नाही, स्वतःची मान फिरवू लागली. मान फिरवताना हाडांचा बारीक आवाज झाला, आणि पाठोपाठ तसाच आवाज त्यांच्या मानेचा आला, आणि दोघांनाही हसू आलं. खांदे झाले. पाय लांब करून पुढे वाकले तेव्हा तिच्या लक्षात आलं की काकांचे हात नडग्यांच्या मध्यापर्यंतच पोचताहेत.  एकेकाळी तळव्यांना मिठी मारून बसणारा माणूस. "आता नाय होत," ते म्हणाले, खाली बघतच. "दाब जरा पाठ."

ती गुडघ्यांवर उभी राहून त्यांच्या मागे गेली आणि थबकली. दिवसभर ती परक्या माणसांचे दंड धरते, त्यांची कातडी ताणते, त्यांच्यात सुई घालते. या पाठीला तिनं कधी हात लावला नव्हता. त्यांनीही तिला कधी लावला नव्हता. डोक्यावरसुद्धा नाही, परीक्षेत पास झाल्यावर नाही, लग्नात नाही, आई गेली त्या दिवशीही नाही. तिनं दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर ठेवले. बनियनखाली हाडं लागत होती, आणि पाठ गरम होती. तिनं हळूच भार दिला. पाठ आधी अडून राहिली, मग थोडी, अगदी थोडी पुढे गेली. "तुमच्या पाठीला पहिल्यापासूनच त्रास ना?" तिनं विचारलं. "गाडी चालवून चालवून."

"नाय," ते गुडघ्यांकडे तोंड करून म्हणाले. "पाठ आता आता दुखायला लागली. तवा काय दुखणार? तवा मी बैलासारखा होतो."

"मग हे कशाला करायचात रोज?"

  ते सरळ झाले, तिच्याकडे न वळता भिंतीकडे बघत बोलू लागले. "तू नवीन आलेलीस तवा झोपायचीस नाय. आडवी व्हायचीस, पन अशी," त्यांनी दोन्ही मुठी आवळून दाखवल्या, "सुक्या बोंबलासारखी ताठ. डोळे उघडे. तुझी आई रडायची माझ्याजवळ. म्हणायची, पोरीचे पाय चेपून द्या जरा, तुम्हाला सवय होऊ दे तिची. पन मला ते नाय पटलं. पोर दुसऱ्याची. बाप मेलेला, आईनं उचलून नव्या माणसाच्या घरात आणलेली. तिला मी कसा हात लावू? तिला काय वाटंल? मी ठरवलं, आपन हात लावायचा नाय. मग डेपोत एकदा कोन मास्तर आलेला, ड्रायवर लोकांना अंग मोकळं करायचं शिकवायला. सगळे टिंगल करून निघून गेले. मी बसलो. त्याला विचारलं, हे केल्यानं झोप येते काय? तो म्हणाला, येते. म्हणून शिकलो." त्यांनी श्वास घेतला. "घरी येऊन दाराकडं तोंड करून बसायचो, तुला दिसंल असा. सावकाश करायचो, तुला जमंल असं. तू दाराआडून बघायचीस. मी बघतच नाय असं दाखवायचो. तू मान फिरवायला लागलीस तवा मी चटई टाकली."

मृणालीचे तळवे अजून त्यांच्या पाठीवर होते. ते काढावेत की ठेवावेत हे तिला कळेना. आणि मग ते तिनं ठेवले. तिच्या आत काहीतरी जागचं हललं, पण ते दुःख नव्हतं. इतकी वर्षं ती समजत होती की आपण चोरून घेतलं. दाराआड उभं राहून, न विचारता, दुसऱ्याचं उचललं. आणि तिकडे हा माणूस दिवसभर खड्ड्यांतून गाडी हाकून आल्यावर, न दुखणारी पाठ घेऊन, तिच्यासमोर ते मांडून बसत होता, तिनं उचलावं म्हणून. रोज. आणि तिला नंतर शांत झोप लागायला लागली, तेव्हा थांबायला हवं होतं त्यांनी. थांबले नाहीत. तिला पनवेलच्या त्या चार वर्षांची आठवण झाली आणि एकदम विचारावंसं वाटलं, तेव्हा काय करत होतात? एकटेच बसत होतात? पण तिला उत्तर ठाऊक होतं. ती पेटी घेऊन आली त्या संध्याकाळी दुसरी चटई माळ्यावरून काढायला लागली नव्हती. ती पहिलीच्याच घडीत होती.

"मी जातो म्हटल्यावर तू बरं म्हणालीस," काका म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "मी म्हटलं, ठीक हाय. पोरीलाही मोकळं व्हायचं असंल. हे घर तुझ्या आईमुळं घर. ती होती तवर माझं."

"तुम्ही विचारलंतच कुठे? तुम्ही सांगितलंत."

"विचारायचं कसं असतं ते मला नाय येत," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तुलाही नाय येत."

मग दोघं उताणे पडले आणि पाय भिंतीवर लावले. पोटऱ्यांतून दिवसाचा थकवा हळूहळू खाली उतरत असल्यासारखं तिला वाटलं, मांड्यांतून, कमरेतून, जमिनीत. छतावरचा पंखा बंद होता. त्याच्या पात्यांवरची धूळ दिसत होती. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.  जे बोलायचं होतं ते इतकं मोठं होतं की वाक्यात बसलं नसतं. तिनं फक्त श्वास सोडला, तोंडानं, आणि शेजारून त्यांचाही श्वास आला. तिला वाटलं, आईनं आतून काही म्हणायला हवं होतं आता. मग तिला वाटलं, म्हणालीच असेल. थोड्या वेळानं काका घोरू लागले. तिनं उठून त्यांचे पाय भिंतीवरून हळूच खाली घेतले, आधी एक, मग दुसरा, आणि पिशवीवरची घोंगडी काढून त्यांच्या अंगावर घातली. चहा गरम करायचा राहूनच गेला.

सकाळी मिनिडोरचा आवाज दारात आला तेव्हा मृणाली स्वयंपाकघरात पोहे भिजवत होती. निकेश आत आला, चप्पल काढता काढताच मोठ्यानं म्हणाला, "चला काका, कुठंय सामान? खोलीला रंग लावून ठेवलाय मी, निळा."

"मी येत नाय रे," काकांचा आवाज आला.

"आं? का?"

"पोरगी नाय म्हणते."

मृणालीचा हात पोह्यांतच राहिला. ती काल तसं म्हणाली नव्हती. एकदाही नाही. आत्ता आठवून बघितलं तरी तिला आपला तसा एक शब्द सापडेना. बाहेर निकेश गप्प होता, तिकडून काहीतरी येण्याची वाट बघत असावा, आणि काकाही गप्प होते, आणि त्या गप्प राहण्यात एक भीती आहे हे तिला इथे भिंतीआड कळलं. म्हातारा माणूस दारात बसून दुसऱ्याच्या नावावर एक वाक्य बोलून बसला होता, आणि ते खरं ठरतंय का हे ऐकत होता. ती ओल्या हातांनीच बाहेर आली.

"व्हय," ती म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, समोरच्या ओट्यावरच्या बाईनंही वळून बघितलं. "नाय म्हणते मी. त्यांनी कुठे जायचं नाही. हे त्यांचं घर आहे आणि मी त्यांना सोडणार नाही."

काकांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं.  "बघ," ते निकेशला म्हणाले, तिकडेच बघत. "सांगतो काय मी."

"आणि माझ्या रंगाचं काय?" निकेश म्हणाला. मग हसला, पायरीवर बसला. "बरं झालं गो ताई. बायको म्हणतच होती, काका इकडं करमायचे नायत म्हणून. चहा तरी दे आता."

तिनं चहा दिला, पोहे दिले. निकेशनं दोनदा घेतले. खाऊन झाल्यावर काका उठले, टोपी घातली आणि मिनिडोरकडे बघत उभे राहिले. "गाडी आणलीच हायस तर रिकामी कशाला न्यायची," ते म्हणाले. "आमाला दोघांना ने गडबला. सूनबाईच्या हातचं जेवतो, तुझा निळा रंग बघतो. पन संध्याकाळी परत आणून सोड."

"राहा की रात्री, उद्या सोडतो."

"नाय, नाय. संध्याकाळी आमचं असतं."

मृणाली हात पुसायला आत गेली. केस विंचरले, दुसरी साडी नेसली, मागचं दार लावलं. बाहेर आली तर काका आधीच मागच्या बाकावर बसले होते, एका कडेला सरकून, तिच्यासाठी खिडकी सोडून.